सगळ्यांनी ठरवलेलं वाक्य

समजा, मुलांनो, सकाळची वेळ आहे आणि तुमच्या हातून कप फुटलाय. निसटून नव्हे, तुम्हीच तो भिंतीवर फेकलाय, कारण मोज्यांच्या जोडीतला एक मोजा सापडत नव्हता आणि छातीत कुठंतरी एक गुणगुण सुरू झाली होती, ती वाढत वाढत कानापर्यंत पोचली होती. कप तुमचा नाही. आईचा आहे, निळ्या काठाचा, ज्यातून ती एकटीच चहा पिते. तुकडे जमिनीवर पडलेत, भिंतीवरून चहाचा ओघळ सावकाश खाली येतोय आणि आतल्या खोलीतून आईची पावलं ऐकू येतायत. पुढं काय होणार ते तुम्हाला पाठ आहे. तुमच्या खांद्यांनाही पाठ आहे. ते आपोआप वर गेलेत. आता डोळे मिटा बरं जरा. तुमच्या आईचं पहिलं वाक्य आलं का ऐकू?

समजा, ते आलंच नाही.

धाकटीच्या बाबतीत तसं झालं. धाकटी म्हणजे या गोष्टीतली मुलगी. थोरली बहीण नोकरीसाठी दूर गेली, बाबा त्याआधीच गेले, घरात आता आई आणि ही अशा दोघीच उरल्या, तरी नाव आपलं धाकटीच. आई दारात आली. तिनं तुकडे पाहिले, भिंत पाहिली, मग नाकानं लांब श्वास घेतला, इतका लांब की तो पोटापर्यंत उतरताना धाकटीला दिसला. दोन्ही हात सैल सोडून, कधी नव्हे इतक्या मऊ आवाजात आई म्हणाली, "मला दिसतंय, तुला आत्ता खूप जड वाटतंय. मी इथंच आहे. काही घाई नाही."

धाकटीच्या अंगावर काटा आला. वाक्य तिच्या ओळखीचं होतं. समुपदेशक सर हेच म्हणायचे, त्यांच्या त्या निळ्या पडद्यांच्या खोलीत, गुडघ्यावर वही पालथी ठेवून. औषधं लिहून देणारी डॉक्टरीण हेच म्हणायची, मध्येच एक पेपरमिंटची गोळी पुढं करून. वर्गबाईसुद्धा आताशा तिला कोपऱ्यात नेऊन हेच म्हणायच्या, आणि म्हणताना फळ्याकडं नजर लावायच्या, जणू ते तिथं लिहिलंय. आणि या सगळ्यांना एकत्र बांधून ठेवणं हेच जिचं काम, ती बाई तर हे वाक्य इतक्या सहज म्हणायची की ते तिचंच असावं. 'आपण सगळे एका धाग्यात आहोत हं,' असं ती उठता बसता सांगे, म्हणून धाकटीनं मनातल्या मनात तिचं नाव सुतळीबाई ठेवलं होतं. एका माणसानं एक सांगायचं, दुसऱ्यानं दुसरंच, यात पोर गोंधळते. तेव्हा सगळ्यांनी मिळून एकच बोलायचं, एकाच आवाजात, असं या चौघांनी ठरवलं होतं. ठरवलं ते वाईट नव्हतं. त्यात कुणी वाईट माणूसही नव्हतं. धाकटीनं ते चालवून घेतलं होतं, कारण ती माणसं बाहेरची होती आणि बाहेरच्या माणसांनी कसं बोलावं हा त्यांचा प्रश्न. पण आज तेच वाक्य स्वयंपाकघराच्या दारात उभं होतं, आईचा गाऊन घालून. कुणीतरी न विचारता घरात शिरलंय आणि आईला बाहेर काढून तिच्या जागी उभं राहिलंय, असं तिला वाटलं.

"ओरड ना," धाकटी म्हणाली.

"मी नाही ओरडणार, बाळा," आई म्हणाली. बाळा! आईनं तिला जन्मात कधी बाळा म्हटलं नव्हतं. कार्टे म्हटलं होतं, भवाने म्हटलं होतं, आणि फार लाडात आली तर 'ए माझे आई' म्हटलं होतं. आईनं खाली वाकून तुकडे कागदात गोळा केले, एकही शब्द न बोलता, आणि बोट कापलं तेव्हाही नुसतं ते तोंडात धरलं. मग म्हणाली, "तयार हो. आज मीटिंगला तुलाही बोलावलंय."

बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. आई पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची. तिच्या बोटांना सुईच्या टोचणीचे बारीक खरखरीत ठिपके होते, आणि पूर्वी, म्हणजे हे सगळं सुरू होण्याआधी, ती घरीही काम आणायची, तोंडात टाचण्या धरून पडद्याची दुमड घालायची आणि टाचण्या न काढता ओठांच्या कोपऱ्यातून ओरडायची. 'कार्टे, तो पंखा बंद कर, सगळं उडतंय, तुझ्या लग्नातपण तू अशीच मख्खासारखी बसणार आहेस!' टाचण्यांमुळे शब्द अर्धेच बाहेर पडत, पण धाकटीला ते पूर्ण कळत. आईचा आवाज सगळ्या घरभर असायचा, चपलांच्या कपाटापासून गच्चीच्या जिन्यापर्यंत. शाळेतून येताना तो खालूनच ऐकू यायचा आणि धाकटीला कळायचं, घर आहे अजून, जागेवर आहे. बाबांचा आवाज मात्र त्याच घरात मांजरासारखा असायचा. आला कधी, गेला कधी, समजायचं नाही. बाबा कधीच ओरडले नाहीत. शेजारच्या काकू म्हणायच्या, देवमाणूस. या देवमाणसानं एका दुपारी धाकटीला जवळ बसवलं, तिच्या वेणीचं सुटलेलं टोक नीट केलं आणि अतिशय हळू, अतिशय मऊ आवाजात सांगितलं की ते आता दुसरीकडं राहायला जाणार आहेत. 'सावकाश समजून घे,' ते म्हणाले, 'काही घाई नाही.' आणि जाताना दारसुद्धा त्यांनी इतकं हळू ओढून घेतलं की कडीचा आवाज झाला नाही. कितीतरी वेळ धाकटीला वाटत होतं, ते अजून आतच आहेत.

तेव्हापासून मऊ आवाजाची तिला भीती बसली. मऊ आवाज म्हणजे कुणीतरी चप्पल घालतंय. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण विचारणारे सगळेच मऊ आवाजात विचारत. तिनं आईकडं तिरक्या नजरेनं पाहिलं. आई खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. परवा न्हाणीघरात नळ सोडून आई काहीतरी पुटपुटत होती ते धाकटीनं दाराबाहेरून ऐकलं होतं, पण पाण्याच्या आवाजात शब्द कळले नव्हते. आता कळले. आई पाठ करत होती. मला दिसतंय, तुला आत्ता खूप जड वाटतंय. आपण कविता पाठ करतो तशी, मध्येच अडखळून पुन्हा पहिल्यापासून. धाकटीला एकदम रडू आल्यासारखं झालं, मग राग आला, आणि दोन्हींतलं नक्की काय ते न कळून तिनं समोरच्या सीटचं रेक्झिन नखानं उकरायला सुरुवात केली. पूर्वीच्या आईनं हातावर फटका दिला असता. या आईनं नुसतं पाहिलं आणि ओठ हलवत राहिली.

मीटिंग कशासाठी आहे ते धाकटीला ठाऊक होतं. माशांची टाकी तिच्या हातून फुटल्यापासून शाळेनं तिला अर्धाच दिवस यायला सांगितलं होतं, आणि आता ठरवायचं होतं की तिनं घरीच राहून याच शाळेत पूर्ण वेळ परतायचं, की डोंगरापलीकडं एक निवासी शाळा होती, खास तिच्यासारख्या मुलांची, तिथं जायचं. शेवटचा शब्द तिचाच राहील असं सुतळीबाईनं शपथेवर सांगितलं होतं. गेल्या आठवड्यापर्यंत धाकटीचं उत्तर ठरलेलं होतं: मरेन पण जाणार नाही. आज सकाळी, चहाचा ओघळ खाली उतरताना, ते बदललं. आई मऊ बोलायला लागली होती. म्हणजे आईही कुठंतरी निघालीच होती. मग मागं राहून बंद दाराकडं बघत बसण्यापेक्षा आपणच आधी निघालेलं काय वाईट? तिथली माणसं अनोळखी असतील, पण ती पहिल्यापासून अनोळखी असतील. ओळखीचं माणूस डोळ्यांदेखत अनोळखी होताना बघावं लागणार नाही.

समुपदेशन केंद्राच्या लांब पडवीत एक बाक होता. आई आधी आत गेली आणि धाकटी बाकावर बसून राहिली. भिंतीवर हसऱ्या, रडक्या, रागावलेल्या चेहऱ्यांचा तक्ता होता. त्यातला रागावलेला चेहरा कुणीतरी बोट ठेवून ठेवून पुसट केला होता. दाराच्या काचेतून आतले आवाज येत होते, सगळे एकाच पट्टीतले, आणि त्यात आईचा कुठला ते ओळखू येत नव्हतं. धाकटीनं कान दिला, प्राण कानात आणले, तरी येईना. तिला टाकीचा दिवस आठवला. शाळेत मोठ्या बाईंच्या खोलीबाहेर ती टाकी होती, हिरव्या पाण्याची, बुडबुड्यांची. मधल्या सुट्टीत शेजारच्या बाकावरची मुलगी म्हणाली होती, 'काल तुझे बाबा बाजारात दिसले गं. किती शांत बोलतात! आमचे तर नुसते खेकसतात.' त्या मुलीच्या मनात काही वाईट नव्हतं. पण गुणगुण सुरू झाली, कानापर्यंत आली, आणि हातातली स्टीलची बाटली सुटली ती थेट काचेवर. पाणी दारातून आत, जिन्यावरून खाली. मुली किंचाळत पळाल्या. धाकटी मात्र गुडघ्यांवर बसली आणि फरशीवर उडणारे मासे ओंजळीत धरून पुसायच्या पाण्याच्या बादलीत टाकू लागली. ते निसटत, ती पुन्हा पकडे, काचा हाताला लागत होत्या ते तिला कळलंही नाही. मोठी माणसं आली तोवर मासे बादलीत होते. सगळे वाचले, म्हणाले सगळे. मग तिला ओरडायचं सोडून त्यांनी तिच्या खांद्यावर शाल टाकली आणि विचारलं, तुला कसं वाटतंय.

सगळे वाचले नव्हते. दप्तरं ठेवायच्या फळीखाली, भिंतीच्या अगदी कडेला, एक बारीकसा पडला होता, काळ्या शेपटीचा. घरी जायच्या वेळी तिला तो दिसला. तोवर तो वाळून एका बाजूला चिकटला होता. तिनं त्याला कंपासपेटीत ठेवलं. नंतर टाकी नवी आली, मासे नवे आले, आणि कुणी मोजले नाहीत. एकदा समुपदेशक सरांच्या खोलीत मासा अगदी जिभेवर आला होता. पण त्यांनी विचारलं, 'तेव्हा शरीरात नेमकं कुठं जाणवलं तुला?' आणि मासा परत आत गेला. शरीरात कुठं जाणवलं ते तिला सांगायचं नव्हतं. तिनं एक जीव घेतला होता, आणि तिला कुणी 'हे काय केलंस' असं म्हणत नव्हतं. जो तो तिला समजून घेत होता. समजून घेणाऱ्यांच्या गर्दीत ती त्या माशाबरोबर एकटीच राहिली होती.

दार उघडलं. "ये गं," सुतळीबाई म्हणाली. तिच्या गळ्यात चष्म्याची दोरी होती. "आज आम्ही तुझ्याबद्दल नाही, तुझ्याशी बोलणार आहोत."

टेबल लांबट होतं. एका बाजूला समुपदेशक सर, त्यांच्या शेजारी डॉक्टरीण, मग बाहीवर खडू लागलेल्या वर्गबाई. आई दुसऱ्या टोकाला बसली होती, हात मांडीवर, परीक्षेला बसल्यासारखी. कापलेल्या बोटाला तिनं शिवणाचा दोरा गुंडाळला होता. डॉक्टरीणबाईंनी पेपरमिंटची गोळी टेबलावरून सरकवली. धाकटीनं ती घेतली नाही, परतही सरकवली नाही.

"बसायला ठीक आहे ना?" सरांनी विचारलं. "की खिडकीजवळ बसतेस?"

"खुर्चीच आहे. ठीकच असणार."

वर्गबाईंना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात लपवलं. सुतळीबाईनं डोंगरापलीकडच्या शाळेचे फोटो मांडले. एकसारख्या चादरींचे पलंग. एक बाग. बागेत एक झोपाळा, त्यावर कुणीच नव्हतं.

"आणि सगळ्यात चांगलं काय सांगू?" सुतळीबाई म्हणाली. "तिथली माणसंही आपल्यासारखंच बोलतात हं. म्हणजे तुला परकं वाटणार नाही."

धाकटीनं आईकडं पाहिलं. आईनं मान हलवली, होकाराची की नकाराची ते कळू नये अशी. तिनं एक शब्द बोलावा. 'कुठं निघालीस गं मोठी शहाणी' एवढं जरी म्हणाली असती! पण आई सरांकडं बघत होती. आता काय म्हणायचं असतं, हे विचारल्यासारखी.

"आईला काय वाटतं?" धाकटीनं विचारलं.

"तुला जे योग्य वाटेल," आई म्हणाली. "काही घाई नाही."

झालं. धाकटीच्या आत काहीतरी हळूच ओढून घेतलं गेलं, कडीचा आवाज न होता. तिनं ठरवलेला शब्द ओठांवर आणला. जाते. दोनच अक्षरं होती. तेवढ्यात वर्गबाईंना वाटलं असावं, की पोरीचा चेहरा फार उतरलाय, काहीतरी बरं बोलावं. त्या पुढं झुकल्या. "आणि हे बघ, त्या टाकीचं ओझं बरोबर नेऊ नकोस हं. झालं ते झालं. काचेचं काय एवढं! एक मासासुद्धा मेला नाही."

"एक मेला," धाकटी म्हणाली.

वर्गबाई पुन्हा मागं टेकल्या.

"काळ्या शेपटीचा. फळीखाली होता. मला उशिरा दिसला." तिचा आवाज तिलाच दुसऱ्याचा वाटला. "मी मारला तो."

समुपदेशक सरांनी वही पालथी ठेवली. "हे तू आम्हाला सांगितलंस, खूप मोठी गोष्ट आहे," ते म्हणाले, आणि खरोखरच त्यांचे डोळे ओलावले होते. "मला दिसतंय..."

"आम्ही इथंच आहोत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सगळे किंचित पुढं झुकले, आणि मग सगळ्यांनी टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडं पाहिलं, कारण आता आईची पाळी होती. आईनं नाकानं श्वास घेतला. तो पोटापर्यंत उतरायला निघाला. "मला दिसतंय," आई म्हणाली, "तुला आत्ता..." आणि श्वास मध्येच कुठंतरी अडला. तिच्या कपाळाला आठी पडली, जुनी, उभी, धाकटीच्या ओळखीची.

"कुठंय?" आईनं विचारलं.

"काय?"

"मासा. मेला म्हणतेस, मग गेला कुठं?"

"कुंडीत," धाकटी म्हणाली. "गॅलरीतल्या. मी पुरला त्याला."

"कुठल्या कुंडीत? मोगऱ्याच्या?"

धाकटीनं मान डोलावली.

"अगं कार्टे!" आई उभीच राहिली. खुर्ची मागं सरकून भिंतीवर आदळली. "म्हणून वास येत होता होय गॅलरीत! आणि मी बावळटासारखी पाइप तुंबला म्हणून तो प्लंबर बोलावला! अर्धा दिवस घर उकरून ठेवलं त्यानं! म्हणाला, बाई, तुमचे पाइप माझ्या ताटापेक्षा स्वच्छ आहेत! आणि तू शेजारी उभी! मख्खासारखी! त्याला पाणी नेऊन दिलंस, पण तोंडातून चकार शब्द काढला नाहीस!"

"प्लंबरनं विचारलंच नाही," धाकटी म्हणाली.

"उलट बोलू नकोस! मेलेला मासा दप्तरात घालून आणलास, आणि मला सांगितलं नाहीस? मुक्या जिवाचा जीव घेतलास, काय केलं होतं गं त्यानं तुझं? आपल्या पाण्यात आपला फिरत होता बिचारा! आणि तसल्या काचेत हात घातलेस, हात बघ तुझे, आणि इतके दिवस एकटीच, एकटीच घेऊन बसलीस ते मनात, आई मेली होती का तुझी? मी काय घरात नव्हते? आणि आता निघाली डोंगरापलीकडं, झोपाळ्यावर बसायला! कोण विचारणार आहे तिथं तुला, मासा कुठंय म्हणून?"

आवाज खोलीत मावेना. तो काचेच्या दाराला जाऊन धडकला, पडवीत गेला असणार, बाकापर्यंत, चेहऱ्यांच्या तक्त्यापर्यंत. धाकटीचे खांदे आपोआप वर गेले होते, कानांना टेकले होते, आणि त्या उचललेल्या खांद्यांच्या मध्ये, टाकी फुटल्यापासून पहिल्यांदाच, तिला ऊब लागत होती. मासा मेला होता. मोठ्यानं मेला होता. आता तो दोघींना माहीत होता.

मग आई थांबली. तिनं सगळ्यांकडं पाहिलं. समुपदेशक सर वही उलटी की सुलटी ते विसरले होते. डॉक्टरीणबाई गोळ्यांचा डबा हातात धरून बसल्या होत्या. सुतळीबाईनं चष्मा काढला होता आणि त्याची दोरी बोटाला गुंडाळत होती, उलगडत होती. पाठांतर विसरलेल्या मुलीसारखी आई उभी राहिली, आणि दोरा गुंडाळलेलं बोट असलेला तो हात उचलून तिनं आपल्या तोंडावर गच्च दाबून धरला.

"चुकलं," ती हाताआडून म्हणाली. "मी... मला तसं नव्हतं..."

सुतळीबाईनं तोंड उघडलं, आणि मिटलं. ती ज्या कामात मुरली होती त्या कामात अशा वेळी काय म्हणायचं ते ठरलेलं होतं. ते तिनं म्हटलं नाही, हे तिचं मोठेपण.

धाकटी खुर्चीवरून उठली. टेबलाला वळसा घालून जाताना तिच्या धक्क्यानं फोटो खाली पडले, पलंग, बाग, झोपाळा, ते तिनं उचलले नाहीत. ती आईसमोर जाऊन उभी राहिली. आता ती जवळजवळ आईच्या उंचीची झाली होती, हे तिथल्या कुणाच्या आजवर लक्षात आलं नव्हतं. तिनं आईच्या तोंडावरचा हात मनगटाला धरून खाली ओढला. आईनं तो परत वर न्यायचा प्रयत्न केला, तेव्हा तिनं तो दोन्ही हातांनी खाली धरून ठेवला, आणि पुढचं ऐकायला उभी राहिली.